मॅनेजरसारखं आणखी कुणी

माझा धाकटा भाऊ कुठल्याही कचेरीत मॅनेजर नाही. चष्म्याच्या दुकानात तो लोकांचे चष्मे धुऊन देतो. मी त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचो. आईवडील गेल्यावर याला दिवसभर घरात एकटं कसं ठेवायचं, म्हणून एक दिवस बरोबर घेऊन गेलो. मी आत जाऊन ॲप्रन चढवेपर्यंत हा सरळ मालकांच्या खुर्चीत जाऊन बसला, हाताची घडी घालून. तेवढ्यात एक बाई आल्या. मोडकी काडी त्याच्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "कधी मिळेल?"

मालक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "त्यांनाच विचारा, मॅनेजर आहेत ते."

"उद्या," भाऊ म्हणाला.

बाईंना ते पटलं. तेव्हापासून तो मॅनेजर. खरं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं. आमची बहीणसुद्धा त्याला मॅनेजरच म्हणते आणि तो तिला ताई. त्यामुळे मीही तिला ताईच म्हणतो, खरं तर ती माझ्याहून लहान आहे.

मॅनेजर बुटका आहे. डोकं लहान, कान थोडे खाली उतरलेले, दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या. टाळू जन्मतःच फाटलेली होती. ती पुढे शिवली, पण बोलणं नाकातूनच येतं आणि नवख्या माणसाला निम्मं कळत नाही. लहानपणी त्याला दूध ओढता यायचं नाही, म्हणून आईनं कापसाच्या बोळ्यानं पाजलं. आम्ही काय बोळ्यानं दूध पितो का, असं लोक म्हणतात. आमच्या घरात एक जण खरोखरच बोळ्यानं दूध पिऊन मोठा झाला, आणि घरात फसवायला सगळ्यांत अवघड तोच.

तो जन्मला तेव्हाच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, याला काय झालंय त्याला नाव नाही, पण हा फार दिवसांचा सोबती नाही, जीव लावू नका. ते डॉक्टर आता नाहीत. मॅनेजरनं पन्नाशी ओलांडली.

मधल्या काळात टाळूचं ऑपरेशन झालं, हृदयाचं झालं, कानाचं दोनदा झालं. एवढं सगळं बालपणातच झाल्यामुळे दवाखाना म्हटलं की त्याचे पाय जमिनीला चिकटतात. मोठ्या इस्पितळाच्या भिंतीलगत आमचा दुकानाचा रस्ता जातो. तिथं आलं की हा समोरच्या फुटपाथवर जातो आणि भिंत संपली की परत येतो. पावसापाण्याचा, गाड्यांचा विचार नाही. मीही त्याच्याबरोबर रस्ता ओलांडतो. इतकी वर्षं झाली, आता एकटा असलो तरी ओलांडतो.

ताईची मुलगी छकुली. ताई टेलिफोन ऑफिसात होती, तिचा नवरा फिरतीवर. छकुलीला सकाळी आमच्याकडे सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. माझी बायको तेव्हा होती, पण पोरगी मॅनेजरच्या मांडीवरून उतरायची नाही. त्यानंच तिला चालायला शिकवलं, भरवलं, आणि बोलायलाही शिकवलं. परिणाम असा झाला की छकुली बोलायला लागली ती नाकातून. बालवाडीच्या बाईंनी ताईला बोलावून घेतलं, मुलीच्या टाळूला काही दोष आहे का म्हणून. ताई रडकुंडीला आली. कानाच्या-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही दोष नाही, घरात कुणाची नक्कल करते का बघा. पुढे शाळेत गेल्यावर ती नीट बोलू लागली. पण मॅनेजरशी बोलताना अजूनही तिचा आवाज थोडा नाकात जातो. तिला ते कळतही नसावं.

छकुलीचं लग्न झालं. जावई बसचा ड्रायव्हर, शांत माणूस. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्यांना मोठ्या इस्पितळातल्या एका विभागात पाठवलं. अशा जन्मजात गोष्टी घराण्यात कशा उतरतात याचा तिथं अभ्यास चालतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात जन्मापासून काही वेगळं असलेलं कुणी आहे?"

छकुली म्हणाली, "माझा मामा."

तिच्या स्वतःच्या रक्तात काही सापडलं नव्हतं. बाईंनी आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं. मी त्या दिवशी गेलो होतो. त्यांनी पर्समधून किल्ल्यांचे दोन जुडगे काढले, एक घराचा, एक कपाटांचा.

"आपल्या प्रत्येक पेशीत असे जुडगे जोडीजोडीनं असतात, त्यांना आम्ही गुणसूत्रं म्हणतो. आता समजा, कपाटाची एक किल्ली चुकून घराच्या जुडग्यात गेली, आणि घराची एक कपाटाच्या. ज्याच्याकडे हे दोन्ही बदललेले जुडगे आहेत, त्याचं काही अडत नाही. सगळी कुलपं उघडतात. त्याला अदलाबदल झालेली कळतसुद्धा नाही. पण मुलाला देताना एकच बदललेला जुडगा गेला, आणि दुसरा मूळचाच गेला तर? एक किल्ली दोनदा, आणि एक नाहीच."

"म्हणजे आमच्या मॅनेजरचं तसं झालं?" ताईनं विचारलं.

"असावं. आणि तुमच्याकडे आणि तुमच्या मुलीकडे दोन्ही जुडगे बदललेले असावेत. पण किल्ली फार छोटी असली की सापडत नाही. मामांमध्ये ती उघडी पडलेली असेल. त्यांच्या रक्तात दिसलं, की मुलीच्या रक्तात नेमकं कुठे बघायचं ते कळेल. मग पुढच्या वेळी धोका किती, हे मी सांगू शकेन."

बाहेर आल्यावर छकुली जावयाला म्हणाली, "हे कळल्याशिवाय मी पुन्हा नाही जाणार त्यातून. माझ्यात आता तेवढी ताकद नाही." तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कुणी सांगावं की आज जिना चढवत नाही.

तर प्रश्न एवढाच होता, मॅनेजरचं थोडं रक्त. बाईंनी सवलत दिली, त्यांना भीती वाटत असेल तर घरी काढा, इकडे आणून द्या. पण कशासाठी ते त्यांना सांगा, आणि त्यांची मर्जी असेल तरच.

ताई म्हणाली, "मी बघते त्याचं."

ताईनं बघितलं ते असं. शनिवारी गल्लीतल्या लॅबवाल्याला आमच्या घरी बोलावलं आणि मॅनेजरला सांगितलं, "अरे, तुझी साखर तपासायचीय. या वयात बघावं लागतं." मॅनेजरनं तोंड फिरवलं, माझं बोट करकचून धरलं आणि हात पुढे केला. टोचताना 'आई' म्हणाला, तेवढंच. छकुलीला ताईनं फोन करून सांगितलं, मामा आनंदानं तयार झाला.

लॅबवाल्यानं नळी देताना बजावलं होतं, आजच पोचवा. पण इस्पितळाची ती खिडकी शनिवारी लवकर बंद होते. ताई पोचली तर कुलूप. आता सोमवारपर्यंत हे रक्त ठेवायचं कुठे? ताईचा फ्रीजवर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्यावर नाही. दूध, औषधं, मोगऱ्याची फुलं, जावयाच्या कंबरेचं मलम, जे नासू नये असं वाटतं ते ती फ्रीजमध्ये ठेवते. आणि हे तर किती मोलाचं, म्हणून तिनं ते वरच्या कप्प्यात, बर्फात ठेवलं. सोमवारी रुमालात गुंडाळून मोठ्या अभिमानानं घेऊन गेली.

खिडकीतल्या मुलीनं नळी हातात घेतली आणि विचारलं, "काकू, हे गोठवलं होतं?"

"मग! खडखडीत ठेवलंय. अजिबात खराब झालेलं नाही."

मुलगी आत गेली आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, "आम्हाला रक्त जिवंत लागतं. आम्ही त्या पेशी उबेत ठेवून वाढवतो. पेशी दुभंगायला लागली, की त्याच क्षणी तिला थांबवतो आणि फोटो काढतो. तेवढ्यातच ते जुडगे दिसतात. गोठलेली पेशी मेलेली असते. साध्या हवेत, पिशवीत ठेवलं असतं तरी चाललं असतं."

"म्हणजे फ्रीजबाहेर?"

"फ्रीजबाहेर."

ताईच्या आयुष्याची ही मोठी पडझड होती. घरी येऊन ती बराच वेळ फ्रीजकडेच बघत बसली.

आता पुन्हा रक्त काढायचं. संध्याकाळी मॅनेजर दुकानातून आला तेव्हा ताई आमच्याकडेच होती. त्यानं हातपाय धुतले आणि म्हणाला, "ताई, साखर किती?"

"कसली साखर?"

"माझी."

ताई म्हणाली, "ठीक आहे रे. नॉर्मल."

"मग कागद?"

"कागद… कागद नंतर देणारेत. मशीन बिघडलंय म्हणे. पुन्हा एकदा रक्त द्यावं लागेल."

मॅनेजर मग म्हणाला, "मशीन बिघडलं, तर नॉर्मल कसं कळलं?"

छकुली नेमकी तेव्हाच दारात आली होती. तिनं आईकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात सगळं आलं. ती आईला आतल्या खोलीत घेऊन गेली. आमची दोनच खोल्यांची जागा, त्यात भिंत पातळ.

"तू त्याला साखर सांगितलीस?"

"मग काय सांगू? तुझ्यासारखं मूल होऊ नये म्हणून तुझं रक्त पाहिजे, असं सांगू? तू सांगशील?"

बाहेर मॅनेजर चहाच्या कपात बिस्कीट बुडवून बसला होता. ते बिस्कीट कपातच विरघळून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छकुली दुकानात आली. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मालक मागे डुलक्या काढतात. मी काउंटरवर एका चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या बदलत होतो. ती मॅनेजरच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"मामा, साखर नव्हती तपासायची."

"माहितीये."

"माझी दोन बाळं राहिली नाहीत ना. डॉक्टर म्हणतात, तुझ्यात जे आहे त्याच्याशी त्याचा संबंध असेल. तुझ्या रक्तात सापडलं तर माझ्यात सापडेल."

मॅनेजर साबणाच्या पाण्यातून एक चष्मा वर काढून निथळवत होता. "ती बाळं माझ्यासारखी होती?"

"असतील. नक्की माहीत नाही."

"आता माझ्यासारखं नको म्हणून?"

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. छकुली खोटं बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण ती या माणसाच्या मांडीवर बोलायला शिकली होती.

ती म्हणाली, "खरं सांगू? मला एक बाळ पाहिजे, जे राहील. ते तुझ्यासारखं असलं तर मला आधी कळायला हवं. मग मी काय करीन, ते मला आज माहीत नाही. मला भीती वाटते मामा. आज्जीनं तुला कसं वाढवलं ते मी ऐकलंय. मला ते जमेल का, माहीत नाही."

मॅनेजरनं चष्मा पुसला, घडी घातली, डबीत ठेवला. मग उठून मागे गेला आणि मालकांच्या शेजारच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. छकुली थोडा वेळ बसली आणि गेली.

त्या आठवड्यात तो तिच्याशी बोलला नाही. तिचा फोन आला की माझ्या हातात द्यायचा. जेवायचा, कामाला यायचा, पण गप्प. एका संध्याकाळी आम्ही परत येत होतो. इस्पितळाची भिंत आली. मी सवयीनं रस्ता ओलांडायला वळलो, तर हा वळलाच नाही. भिंतीला लागून चालत राहिला, घामाघूम होऊन, डोळे जमिनीवर. फाटकाशी थांबला.

"दादा, ती बाई इथंच असते?"

"हो."

"मी हातानं देणार. ताईच्या फ्रीजमध्ये नाही."

तर असा मॅनेजर दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं इस्पितळात गेला. मी, ताई, छकुली, सगळे मागे. छकुलीचा हात त्यानं धरला नाही, पण तिला पुढेही जाऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तो बसला, आणि बाई सुई घेणार एवढ्यात म्हणाला, "थांबा. मला विचारायचंय."

"विचारा ना."

त्यानं विचारलं ते बाईंना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण छकुलीनं सांगितलं, मान खाली घालून, "तो विचारतोय, माझ्यासारखी माणसं होऊ नयेत, म्हणून तुम्ही हे करता का?"

सुई ट्रेमध्ये ठेवून बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "काही लोक त्यासाठी येतात. मी त्यांना परत पाठवत नाही. काही लोकांना फक्त नाव हवं असतं, आपल्या लेकराला काय झालंय त्याचं. काहींना पुढची काळजी कशी घ्यायची ते हवं असतं, हृदय कधी तपासायचं, कान कधी. मी शोधते, मामा. शोधलेलं कुणी कशासाठी वापरावं, ते माझ्या हातात नाही. कधी कधी त्यामुळे मलाही झोप लागत नाही. तुम्हाला यातून काही हवंय का?"

त्याला असं कुणी कधी विचारलं नसावं. त्यानं आपल्या वळलेल्या करंगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्यासारखं आणखी कुणी आहे का?"

हे बाईंनाही कळलं.

"शोधते," त्या म्हणाल्या. "जगभरचे डॉक्टर असं काही सापडलं की लिहून ठेवतात. तुमचं नक्की काय ते कळलं, की मी सगळीकडे विचारीन."

मॅनेजरनं हात पुढे केला. तोंड फिरवलं नाही. नळी भरली तशी त्यानं बाईंना बजावलं, "बर्फात नाही."

"नाही हो. उबेत."

ताई खिडकीबाहेर बघू लागली.

काही आठवड्यांनी आम्हाला बोलावणं आलं. बाईंनी पडद्यावर मॅनेजरच्या जुडग्यांचा फोटो दाखवला. लहान लहान पट्टेदार काड्या, जोडीजोडीनं मांडलेल्या. एका काडीच्या टोकाला इवलासा जास्तीचा तुकडा होता. बाईंनी बोट ठेवलं म्हणून दिसला, एरवी मी काय, कुणालाही दिसला नसता. आयुष्यभर काचा घासताना केसाएवढा फरक शोधला, पण हा त्याहून बारीक. एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घराचं सगळं जगणं ठरलं होतं, असं मनात आलं. मग वाटलं, नसेलही. छकुलीचं नाकातून बोलणं त्या तुकड्यात कुठे होतं?

"आणि एक जण सापडलंय," बाई मॅनेजरला म्हणाल्या. "खूप लांबच्या देशात. जवळपास हाच बदल. लहान मुलगी आहे, अजून चालत नाही. तिच्या आईबापांना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की पुढचं काही सांगता येत नाही, कारण मोठं झालेलं असं कुणी कुणाला माहीतच नाही. तुमच्याबद्दल कळवू का त्यांना? तुमची परवानगी असेल तरच."

मॅनेजरचे डोळे एवढे मोठे झाले. "मुलगी?"

"मुलगी."

"त्यांना सांगा, मी कामाला जातो." मग म्हणाला, "सांगा, ती बोलेल. उशिरा. पण बोलेल. घाई करू नका म्हणावं. आणि कान बघा म्हणावं तिचे. मला कान दुखायचा, कुणाला कळायचं नाही."

बाई लिहून घेत होत्या. त्याला आणखी खूप आठवत गेलं. पायऱ्या चढताना कठडा कुठे हवा, शर्टाला मोठी बटणं कशी बरी पडतात, आई बोळा कसा पिळायची. एवढं तो माझ्याशी वर्षभरातही बोलला नसेल. ताई हुंदके देत होती आणि मध्येच त्याची चूक दुरुस्तही करत होती. "बोळा नाही रे, शेवटी शेवटी चमचाच होता." मला बाईंनी विचारलं, तुम्हीही काही लिहून द्याल का यांच्याबद्दल. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. हे जे लिहिलंय ते त्यांनाच द्यावं की काय, याचा अजून विचार करतो आहे.

मग छकुलीचं. नेमकं कुठे बघायचं ते कळल्यावर तिच्यात सापडलं. दोन्ही जुडगे बदललेले, म्हणजे तिचं काही अडत नाही, पण प्रत्येक वेळी धोका आहे. मूल अगदी ठीक असू शकतं, तिच्यासारखं असू शकतं, मामासारखं असू शकतं किंवा पोटातच जाऊ शकतं. पुढच्या वेळी दिवस राहिले तर आधी तपासता येईल. बाईंनी आकडेही सांगितले, पण ते जावयानं ऐकले. छकुली ऐकत नव्हती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर आम्ही ओळीनं बसलो. स्ट्रेचर ढकलत वॉर्डबॉय गेला. मॅनेजर त्याच्याकडे बघून शहारला, पण उठला नाही. मग तो छकुलीकडे सरकला आणि कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलला.

"छकू, माझ्यासारखं झालं तर मला दे. मी बघतो. मला सगळं माहितीये."

छकुलीनं ओठ दाबले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण विचारलं ते त्याच्याच नाकातल्या सुरात, "आणि तुझ्यासारखं नाही झालं तर?"

मॅनेजरनं विचार केला. "मग तूच सांभाळ. तसलं मला जमायचं नाही. फार बोलतात."

छकुली हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यानं तिला थोपटलं, जसं तो तिला लहानपणी झोपवताना थोपटायचा, जरा जोरातच. तिकडून जावई म्हणाला, "काय करायचं मग?"

ती डोकं न उचलता म्हणाली, "बघू या परत. मामा आहे म्हणतोय ना."